मिटू पाहणारा हात

४ फेब्रुवारी

चष्मा,

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताचं आहे. उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत पट्टीत गुंडाळून उशीवर ठेवलाय. घरातल्या कुणाचीही इतकी बडदास्त कधी कुणी ठेवली नसेल.

तुला कुणाकडून तरी उडत उडत कळायच्या आत मीच सांगते. लॉन्ड्रीत भाजलं. आमचं मोठं इस्त्रीचं मशीन तू पाहिलंयस. खाली तापलेला पत्रा, वर गादी गुंडाळलेला रूळ, चादर एका बाजूनं ओली जाते नि दुसरीकडून कोरडी निघते. एक चुणी सरळ करायला हात पुढे केला आणि चादरीनं हातालाही बरोबर नेलं. तळहात नि चार बोटं पत्र्यावर, वरून रूळ. शेजारच्या बाईनं धावत जाऊन बटण दाबलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. अंगठा तेवढा बचावला.

मालक भेटायला आले. माझ्याकडे बघून हसले आणि दादाशी बोलले. ओठांवरून मला कळलं ते एवढं, "ऐकू येत नाही ना, म्हणून झालं. बायका ओरडत होत्या, हिला पत्ताच नाही." आता मला सांग, हात चादरीबरोबर आत निघाल्यावर ओरडून काय होतं? रुळापुढे एक आडवा दांडा असायचा. त्याला हात लागला की मशीन आपोआप थांबायचं. जाड कापड लागलं तरी थांबायचं, काम खोळंबायचं, म्हणून मालकांनी तो काढून कोपऱ्यात उभा करून ठेवला. हे मी डाव्या हातानं दादाला सांगायला गेले, तर त्याला वाटलं मी पाणी मागतेय. पेला घेऊन आला बिचारा. प्यायले.

सिस्टरनं नाव विचारलं. मी सवयीनं वेणी ओढून दाखवली. तिनं डोकेदुखीची गोळी आणून दिली.

आता मुद्द्याचं. आज पट्टी सोडली तेव्हा मी मान वळवली नाही. तळहात पांढरट-काळा, आणि भोवती सगळं लालभडक, तापलेलं, टम्म फुगलेलं. मला वाटतं हात सडतोय. डॉक्टर दादाशी बोलतात, दादा मला "ठीक, ठीक" अशी मान हलवतो. तू तिकडे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर रक्तच बघत असतेस. तू सांग. आणि गोड करून सांगू नकोस. बहिऱ्यांच्या शाळेपासून आपल्या दोघींना सगळ्यांनी गोड करूनच सांगितलंय.

वेणी


९ फेब्रुवारी

वेणे,

पत्र वाचलं आणि डबा तसाच झाकून ठेवला. आधी लिहायला बसले.

हात सडत नाहीये. जे दिसतंय त्याला दाह म्हणतात, आणि तो तुझ्या बाजूचा आहे. भाजून मेलेल्या आणि अर्धमेल्या पेशी काही द्रव्यं सोडतात. ती मदतीची हाक असते, आपल्यासारखीच, आवाज न करता मारलेली. ती पोचली की आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात. रक्त जास्त येतं, म्हणून लाल आणि गरम. त्या वाहिन्यांच्या भिंती सैलावतात, आतलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. आणि त्याच फटींतून अंग चोरून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात.

त्यांना मी रोज काचेवर बघते. सगळ्यात आधी पोचणाऱ्या असतात ना, त्यांच्या पोटातलं केंद्रक तीन-चार पाकळ्यांचं असतं. त्या जंतू गिळतात आणि बहुतेक तिथेच मरतात. पू म्हणून आपण जे नाक मुरडून पुसतो त्यात त्याच असतात. मागून दुसऱ्या येतात, अंगानं मोठ्या, खादाड. त्या मेलेलं सगळं खाऊन जागा साफ करतात, आणि साफ झाली की बांधकाम करणाऱ्या पेशींना बोलावून घेतात. तोवर बांधकाम सुरू होत नाही.

तेव्हा लाल दिसलं, तापलं, ठणकलं, तर समज की माणसं कामावर आलीत. दुखतंय तर दुखू दे. दात-ओठ खाऊन बस. पाचवीत आपण खुणा केल्या की बाई "हात खाली!" म्हणून छडी मारायच्या तेव्हा तू एकदा तरी रडलीस का? मग आता कशाला?

आणि त्या मालकाला काय म्हणायचं ते आपण नंतर बघू. मी विसरत नाही.

चष्मा


१३ फेब्रुवारी

चष्मा,

तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. चारदा वाचलं.

माझी माणसं जोरात कामाला लागलीत. आता लाली मनगटाच्या वर चढली, कोपराकडे निघालीय. हात इतका तापलाय की त्यावर चादर सुकेल. ठणका असा की मध्येच दातांवर दात आपटतात, अंगाला काटा येतो, पांघरूण घेऊनही थंडी वाजते. पट्टीला जरा वास येतोय, पण तू म्हणालीस तसं, पू म्हणजे काय, त्याच शूर बाया ना?

सिस्टर आज विचारत होती, दुखतंय का. मी हसून नाही म्हटलं. बाही खाली ओढून घेतली. उद्या पट्टी बदलतील तेव्हा बघतील की, कसा तयार झालाय हात.

डोकं जरा जड आहे. बाकी मी पाचवीतलीच आहे.

वेणी


१९ फेब्रुवारी

नमस्कार.

मी वेणीचा थोरला भाऊ. तुम्ही दोघी एकमेकींना जी खुणेची नावं घेता तीच मी लिहितोय, कारण पत्रात तीच होती. तुमचं पत्र तिच्या उशीखाली सापडलं. परवानगी न घेता वाचलं, त्याबद्दल माफ करा.

तिला चौदा तारखेला ताप चढला. पट्टी सोडली तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. जंतू पसरले होते. लगेच टेबलावर घेतलं, मेलेली कातडी आणि सडलेला भाग काढून टाकला. दोन दिवस तिला आमची ओळख नव्हती. आता ताप उतरलाय, औषधं शिरेतून चालू आहेत. हात आहे. किती चालेल ते सांगत नाहीत.

तुम्हाला विचारतो, तुम्ही तिला दुखणं सोसायला का सांगितलं? ती सिस्टरला हात दाखवत नव्हती.

रागावून लिहायला बसलो होतो, पण दुसरीच गोष्ट विचारायची आहे. शुद्धीवर आल्यावर ती डाव्या हातानं एकच खूण पुन्हा पुन्हा करत होती. डॉक्टर माझ्याशी बोलत होते आणि ती माझी बाही ओढून ती खूण दाखवत होती. बोट हनुवटीपासून निघून स्वतःच्या छातीवर टेकायचं. आईला विचारलं, तिलाही कळलं नाही. आई म्हणाली, भूक लागली असेल. मी बिस्किटं दिली, तिनं ती भिंतीवर फेकली.

तिचा अर्थ काय?

वेणीचा दादा


२३ फेब्रुवारी

दादा,

तुमचा राग बरोबर आहे. मी अर्धंच लिहिलं. लाली जखमेच्या काठाशी राहून हळूहळू ओसरली तर ते शरीराचं काम. ती वर सरकायला लागली, थंडी वाजून ताप आला, वास आला, तर जंतू जिंकताहेत आणि तेव्हा एक क्षणही गप्प बसायचं नसतं. हे मला माहीत होतं. मैत्रिणीला धीर द्यायच्या भरात लिहायचं राहिलं. तिचं तेरा तारखेचं पत्र मला काल मिळालं, आणि मी स्टुलावरून उठलेच नाही.

त्या खुणेचा अर्थ सोपा आहे. "मला विचारा."

चष्मा


२० मार्च

चष्मा,

डोळे पुसून चष्मा लाव आणि वाच. तू दादाला काय लिहिलंस ते त्यानं मला दाखवलं. दोष निम्मा माझा. दुखतंय का असं कुणी विचारलं की नाही म्हणायची मला सवय, आणि तुझ्या पत्रानं त्या सवयीला शिक्का मिळाला इतकंच. हे परत उगाळायचं नाही. ठरलं.

आता पुढची हकीकत ऐक. (ऐक! बघ, ऐकणाऱ्यांच्यात राहून मीही काय लिहायला लागले.) मेलेलं सगळं काढल्यावर हात उघडाच ठेवला होता. एके दिवशी पट्टी काढताना त्यातून टपटप रक्त आलं. मी हात मागे ओढला, आणि सिस्टरनं चक्क टाळी वाजवली. डॉक्टरांना बोलावून आणलं. तळहात डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल, बारीक खरखरीत दिसत होता. तिनं कागदावर लिहून दाखवलं, "नव्या रक्तवाहिन्या. तळ तयार झाला." मग मांडीची पातळ साल काढून हातावर बसवली. ती बसली. गंमत म्हणजे हातापेक्षा मांडीच जास्त चुरचुरते. कर्ज देणाऱ्यालाच त्रास.

सोमवारी घरी सोडतायत. दादा माझ्यासमोर बसून "मला विचारा" ही खूण करून दाखवतो, आणि मग काय विचारायचं ते त्याला येत नाही. दोघं एकमेकांकडे बघत बसतो.

वेणी


२ जून

चष्मा,

एवढे दिवस लिहिलं नाही कारण सांगायला चांगलं काही नव्हतं.

जखम भरली. सगळे म्हणतात भरली, डॉक्टरांनी दादाला तसं सांगितलंय. पण भरता भरता हात मिटत चाललाय. तळहातावर लाल, जाड, दोरीसारखे पट्टे उठलेत आणि ते बोटांना आत ओढतात. एप्रिलमध्ये बोटं सरळ होत होती. आता अर्धी मूठ वळून राहिलीय आणि मी डाव्या हातानं उलगडायला गेले की डोळ्यांपुढे तारे चमकतात. डॉक्टर म्हणाले, पकड राहील, कामापुरतं होईल. कुणाच्या कामापुरतं?

काल आपली मंडळी जमली होती, नेहमीच्या चहाच्या दुकानावरच्या खोलीत. मी मालकाची नक्कल करून गोष्ट सांगत होते. पाच बोटांच्या सगळ्या खुणा मुठीतूनच निघत होत्या, चार, पाच, फूल, पक्षी, सगळं एकच. आणि सगळी हसली. गोष्टीतलं हसायचं अजून यायचं होतं गं. कुणाला काही कळत नव्हतं, आणि माझ्यावर दया म्हणून हसले. आपली माणसं! ऐकणाऱ्यांनी केलं असतं तर मी पाठ फिरवली असती. तिथून निघून मी जिन्यात बसून राहिले.

वहिनीनं गुळगुळीत पानांची सुंदर वही आणून दिली. म्हणाली, आता लिहून सांगत जा, आम्हालाही सोपं. ती मनापासून म्हणाली, तेच जास्त लागलं. चाळीस माणसांच्या घोळक्यात मी वही काढून बसू? भांडताना? हसताना?

मला एवढंच सांग. जखम भरली तर हात का मिटतोय?

वेणी


८ जून

वेणे,

यावेळी पूर्ण लिहिते. बस नीट.

बांधणाऱ्या पेशी आल्या की त्या धाग्यांसारखं एक द्रव्य विणतात, कोलॅजन. त्यातल्या काही पेशींच्या अंगात स्नायूंसारखी ओढ येते. त्या जखमेच्या काठांना धरून एकमेकांकडे खेचतात, म्हणजे उघडी जागा लहान होते. पाठीवर किंवा मांडीवर कातडी सैल असते, तिथं हे चालून जातं. तळहातावर जास्तीची कातडी कुठून आणणार? मग बोटंच येतात ओढली.

शरीराला घाई असते जखम बंद करायची. उघडी राहिली तर जंतू शिरतील, माणूस मरेल, एवढंच त्याला कळतं. बोटं उघडली काय नि नाही काय, त्याला त्याचं सोयरसुतक नाही. त्यानं तुला जगवलं आणि आता ते हात मिटवायला बसलंय. दोन्ही एकाच कामाचा भाग. तेव्हा आता तुला स्वतःच्याच अंगाशी भांडायचं आहे.

पण एक ऐक, आणि हे गोड करून सांगत नाही. व्रण लाल आणि जाड आहे याचा अर्थ तो अजून कच्चा आहे. आत अजून रोज जुने धागे तुटतात, नवे घातले जातात. वर्षभर चालतं, कधी जास्त. आणि नवे धागे ताण ज्या दिशेनं पडेल त्या दिशेनं लागत जातात. ताण दिलाच नाही तर ते गुंता करून बसतात आणि मग पक्के होतात. म्हणजे वेळ आहे, पण बसून राहायला नाही.

तुमच्या हॉस्पिटलात व्यायामाचा विभाग असणारच. मापाची कडक फळी करून घे, रात्री बोटं सरळ बांधून ठेवायला. घट्ट हातमोजा मिळतो, व्रण दाबून ठेवतो. कदाचित पुढे आणखी एक ऑपरेशनही लागेल, त्याची मी खात्री देत नाही. आणि जाशील तेव्हा दादाला नेऊ नकोस. तो बरोबर असला की डॉक्टर त्याचीच तब्येत विचारतात.

ती वही ठेव. मला पत्रं लिहायला कामी येईल.

चष्मा


२५ जून

चष्मा,

गेले. एकटी.

डॉक्टरांनी मला पाहिलं आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. दार बंद झालं तरी दाराकडेच बघत होते. मी वही काढून मोठ्या अक्षरात लिहिलं, "मागे कुणी नाही. मी आहे." टेबलावर सरकवली. त्यांनी लिहिलं, "भावाला घेऊन ये, समजावून सांगतो." मी खाली लिहिलं, "हात त्याचा आहे का?"

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग त्यांनी पेन उचललं, मीही उचललं, आणि आमचं भांडण तीन पानं चाललं. बाहेरची रांग खोळंबली. ते म्हणत, पकड येते, कपडे उचलशील, भांडी घासशील, अजून काय हवं? मी लिहिलं, "मी या हातानं बोलते. तुमची जीभ टाळ्याला शिवून ठेवली आणि म्हटलं की गिळता तर येतंय, तर चालेल?" मग त्यांनी माझा हात हातात घेतला. आजवर फक्त पट्टीच बघायचे. एकेक बोट उलगडून पाहिलं, आणि व्यायामाच्या विभागासाठी चिठ्ठी लिहून दिली.

व्यायामवाल्या बाई दिसायला चिमणीएवढ्या, बोटं पकडीसारखी. गरम मेणात हात बुडवून मऊ करतात आणि मग ताणतात. मी ओरडते. किती मोठ्यानं ते मला ठाऊक नाही, पण बाहेरच्या बाकावरची माणसं उठून लांब जाऊन बसली. बाईंनी लिहिलं, "जरा हळू." मी लिहिलं, "मला तर काहीच ऐकू येत नाही." त्या इतक्या हसल्या की त्यांची पकड सुटली.

फळी मिळाली, मोजा मिळाला. पण घरीही सकाळ-संध्याकाळ कुणीतरी बोटं ताणून द्यायला हवीत, एका हातानं मला जमत नाही. वहिनीनं एकदा केलं आणि भिंतीला धरून खाली बसली. आईनं हात नुसता मांडीवर घेतला नि रडायला लागली. राहिला दादा. त्यानं बाह्या वर केल्या, पण माझ्या तोंडाकडे बघायचं धाडस त्याला होईना.

वेणी


३० ऑगस्ट

चष्माताई,

परत मीच, दादा. थोडी मदत हवी आहे.

रोज दोन वेळा मी हिची बोटं ताणतो. पहिले पंधरा दिवस मी खिडकीबाहेर बघत करायचो. मग तिनं डाव्या हातानं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. बघत बघत कर, म्हणे, नाहीतर जास्त ताणशील. तेव्हापासून समोरासमोर बसतो. तिचा उजवा हात माझ्या हातात, आणि डाव्या हातानं ती मला शिव्या घालते. त्यामुळे शिव्या मी आधी शिकलो. परवा ऑफिसात साहेब बोलत असताना टेबलाखाली माझा हात आपोआप हलला. सुदैवानं त्यांना कळलं नाही.

नंतर तिनं एक युक्ती काढली. नुसतं ताणायचं नाही, खुणेत ताणायचं. बोट जिथवर उघडेल तिथवर खूण, आणि ती माझ्याकडून पूर्ण करून घ्यायची. घर, उद्या, खोटं, मशीन. तिचं बोट मी माझ्या हातांनी वळवलं म्हणून असेल, त्या खुणा आता मी विसरत नाही. लहानपणी आईनं आम्हाला सांगितलं होतं की खुणा केल्या तर ती बोलायला शिकणार नाही. मी आज्ञाधारक होतो. पंचवीस वर्षं एकाच घरात राहून मी तिला फक्त जेवलीस का, झोपलीस का, एवढंच विचारत आलो.

आता मुद्दा. कारखान्यांचे सरकारी तपासनीस चौकशी करणार आहेत. मालकांनी लिहून दिलंय की बहिरेपणामुळे अपघात झाला. मी म्हटलं, मी तिच्या वतीनं नीट, शांतपणे मांडतो. ती म्हणते, मीच सांगणार, तू फक्त तोंड हलव. माझ्या खुणा अजून कच्च्या. ती रागानं काहीबाही बोलेल, तिथं मोठे लोक असतील. तुम्ही तिला समजवाल का?

दादा


५ सप्टेंबर

दादा,

नाही समजावणार.

तुम्हाला जी खूण अडेल ती लिहून कळवा, मी चित्र काढून पाठवते. बोटांची चित्रं मला बरी जमतात. सोबत वीस पाठवली आहेत. "दांडा" आणि "काढून ठेवला" सगळ्यात वर आहेत.

तिची बोटं सोडू नका. ती कितीही शिव्या देवो.

चष्मा


९ डिसेंबर

चष्मा,

चौकशी झाली. सगळं सांगते, घाई करू नकोस.

लांब टेबल, पलीकडे तपासनीस साहेब, एका बाजूला मालक आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. साहेबांनी दादाकडे बघून विचारलं, "हिला ऐकू येत असतं तर अपघात टळला असता, असं तुम्हाला वाटतं का?"

दादा उत्तर देईल असं मला वाटलं. त्याला उत्तर येत होतं. पण तो त्यांच्याकडे पाठ करून माझ्याकडे वळला आणि प्रश्न खुणांनी मला विचारला. अडखळत, "अपघात"च्या जागी "लग्न" असं काहीतरी करून, पण विचारला. खोलीत सगळे त्याच्या हातांकडे बघत होते आणि त्याचे कान लाल झाले होते.

मी उभी राहिले. मोजा काढला. मी खुणा करत गेले, दादा त्या बोलून दाखवत गेला. मी सांगितलं, "माझ्या डावीउजवीकडे दोन बायका उभ्या होत्या. दोघींना चांगलं ऐकू येतं. त्यांनी ओरडणं ऐकलं. माझा हात वाचला का? दांडा असता तर त्यानं ऐकणारा हात आणि बहिरा हात वेगळा केला नसता. दांडा यांनी काढला. काम खोळंबतं म्हणून. माझे कान तेव्हाही असेच होते आणि दांडा असताना चार वर्षं मला ओरखडासुद्धा आला नाही. मालक खोटं बोलतात."

शेवटचं वाक्य करताना मी दादाकडे पाहिलं. तुला ठाऊक आहे तो कसा आहे. मी दुकानदाराला चोर म्हटलं की तो "जरा जास्त वाटतंय" असं सांगणारा माणूस. मग त्याचे ओठ हलले, आणि मी ते अक्षर अक्षर वाचले. "मालक खोटं बोलतात." वकील ताडकन उठले. दादा बसला नाही. वकिलांनी काही विचारलं त्याला त्यानं काय उत्तर दिलं ते त्यानं मला नंतर सांगितलं. "हे मी म्हणत नाही, ती म्हणतेय. आणि मलाही तसंच वाटतं."

मग मागून शेजारच्या मशीनवरच्या बाई उठल्या. ज्यांनी बटण दाबलं होतं त्याच. दांडा कुणी काढला, कुठं ठेवला, सगळं सांगितलं. नोकरीची भीती त्यांनाही होती, हात पदरात गुंडाळून बोलत होत्या.

साहेबांनी सगळ्या मशीनांवर दांडे बसवायचा हुकूम काढला. अपघात लॉन्ड्रीच्या हलगर्जीपणानं झाला असं लिहिलं. माझ्या कानांबद्दल त्यात एक शब्द नाही.

हाताचं म्हणशील, तर तीन बोटं जवळजवळ पूर्ण उघडतात. करंगळी वाकडीच आहे, डॉक्टर पुढच्या वर्षी ऑपरेशन करू म्हणतात, मला विचारून. व्रण लाल आहे, खाजतो, त्याला घाम येत नाही, थंडीत ताणल्यासारखा होतो. करंगळी वाकडी ठेवून "पक्षी" केला तर पंख मोडका दिसतो. रविवारी मी तीच मालकाची गोष्ट परत सांगितली, मोडक्या पंखासकट. यावेळी हसायच्या जागी हसले. एकजण तर खुर्चीवरून पडला.

आणि सोमवारी कामावर गेले. मालकांनी मला घड्या घालायच्या टेबलाकडे बोट दाखवलं. मी नाही म्हणून मान हलवली आणि माझ्या मशीनपुढे जाऊन उभी राहिले. वाफ तोंडावर आली आणि हात आपोआप मागे गेला. तिथंच उभी राहिले. मग परत बसवलेला दांडा कोपरानं ढकलून पाहिला. मशीन थांबलं. चालू करून परत ढकलला. परत थांबलं. तिसऱ्यांदा ढकलला तेव्हा शेजारच्या बाई हसायला लागल्या. मग मी पहिली चादर लावली.

मालक येऊन समोर उभे राहिले. ओठ सावकाश, मोठे मोठे हलवून त्यांनी विचारलं, भीती नाही वाटत?

पिशवीत वही होती. मी ती काढली नाही. चादर सोडली, दोन्ही हात वर घेतले आणि सांगितलं, "वाटते. म्हणूनच दांडा बसवून घेतला."

त्यांना काही कळलं नाही. ते माझ्या हातांकडे बघत उभे राहिले, कुणीतरी अर्थ सांगेल म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी आणखी एकदा सांगितलं, अगदी सावकाश, बोट न् बोट उघडून. तरी नाही कळलं.

मी पुढची चादर घेतली. ते उद्या पण येतीलच. परत सांगेन.

वेणी